विमान पोथीने उडत नाही, कृपेनेही उडत नाही



आमच्या गोरेगावच्या बांध्यांत रोवणी चालू असते, बायाबापड्या चिखलात वाकलेल्या असतात आणि डोक्यावरून छोटी विमाने घरघरत जातात. गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे, तिथे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आहे. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्याचा खर्च इतका, की रोवणी करणाऱ्या घराने सारी शेती विकली तरी तो भागायचा नाही. आमच्या पोरांनी मान वर करून पाहायचे, बोट दाखवायचे आणि पुन्हा परे हातात घ्यायचे. जिल्ह्याला विमानतळ मिळाला. जिल्ह्यातल्या बहुजनांना काय मिळाले? आवाज!

आता कोणी म्हणेल, विमान म्हणजे आपल्या पूर्वजांचीच विद्या. जानेवारी 2015 मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन वैदिक विमानांवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्याची चिकित्सा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी 1974 मध्येच केली होती. ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथाही अशीच फिरते. त्यांच्या जिद्दीचा आम्ही आदर करू. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा कोणीही पुढे ठेवलेला नाही. आणि पुरावा मागणे हा द्रोह नव्हे. संविधानाच्या कलम 51-क मध्ये ते नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे.

खरे घरगुती विमान पाहायचे तर कांदिवलीला जावे लागते. कॅप्टन अमोल यादव नावाच्या मराठी वैमानिकाने तिथल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. नोंदणीचा अर्ज 2011 चा, नोंदणी झाली नोव्हेंबर 2017 मध्ये. उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये आणि चाचणी 2020 मध्ये धुळ्याला. विमान बांधायला लागला त्याहून फार कमी वेळ कागदाला लागला नाही.

त्या विमानाची नोंदणी अक्षरे व्हीटी-एनएमडी. ही अक्षरे पंतप्रधान आणि तत्कालीन मुख्यमंत्री यांच्या नावांवरून घेतलेली आहेत. यादवांच्या कृतज्ञतेला आम्ही नावे ठेवत नाही. सहा वर्षे ताटकळलेला माणूस दार उघडणाऱ्याचे आभार मानणारच. आमचा प्रश्न वेगळा आहे. जे काम नियमाने व्हायला हवे, ते नेत्याच्या लक्ष घालण्याने का व्हावे? नियमाने मिळते तो हक्क आणि मेहेरबानीने मिळते ती भीक, हा फरक आम्हाला बाबासाहेबांनी शिकवला. यादवांकडे वैमानिकाची नोकरी होती, गच्ची होती, पाठीशी उभे राहिलेले घर होते. तरीही त्यांना इतके झगडावे लागले. मग गोरेगावच्या कवेलूच्या घरातल्या पोराचा अर्ज कोणत्या मंत्र्याच्या टेबलावर पोहोचणार?

नियम सैल करा, असे आम्ही म्हणत नाही. आकाशातली चूक जमिनीवरच्या माणसाच्या जिवावर येते. नियम कडकच हवेत. पण लेखी हवेत, मधेच न बदलणारे हवेत आणि उत्तराची मुदत ठरलेली हवी. नकार द्या, पण कारण लिहून द्या.

आपलेच काही लोक विचारतात, "पोटाला भाकर नाही आणि विमानाचे काय घेऊन बसलात?" हा प्रश्न आम्हाला चांगला माहीत आहे. याच हिशोबाने 1913 मध्ये बाबासाहेबांनी कोलंबियाला जायलाच नको होते. आणि 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, त्या कशासाठी? भाकर आणि यंत्र यांतले एक निवडा, ही अट आम्हाला नेहमी दुसऱ्यांनीच घातली.

विमानाचे पोट उघडून पाहा. आत मंत्र नाही, वायरी आहेत. रेडिओ, दिवे, उंची-वेग दाखवणारे पडदे यांना मिळून किती अँपिअर लागतात याची बेरीज करायची आणि इंजिनावरच्या अल्टरनेटरला ती झेपते का ते पाहायचे. वायरीची जाडी त्या प्रवाहावरून ठरवायची. प्रत्येक वाटेला वेगळा ब्रेकर, म्हणजे एक बिघडले तर सगळे विझणार नाही. होकायंत्राचा सेन्सर जास्त प्रवाहाच्या वायरीपासून लांब, नाहीतर दिशा चुकते. जोड असे, की इंजिनाच्या थरथरीने सुटणार नाहीत. यातले कोणते काम आयटीआय शिकलेल्या आपल्या पोराला जमणार नाही? मोटारपंप बांधणारा, मोबाइल दुरुस्त करणारा हात हाच आहे. हाताला हलके आणि पोथीला श्रेष्ठ ठरवणारी जातिव्यवस्थाच या देशाच्या यंत्रविद्येच्या आड आली.

म्हणून मागण्या आणि कामे दोन्ही सांगतो. बिरसीच्या विमानतळावर जिल्ह्यातल्या आयटीआयच्या मुलामुलींना देखभाल आणि विद्युत कामाची शिकाऊ उमेदवारी मिळाली पाहिजे. वैमानिक व्हायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आले आहे. मग गावोगावच्या शाळांतल्या प्रयोगशाळांची कुलुपे उघडली पाहिजेत, रिकाम्या जागी शिक्षक आले पाहिजेत. वैमानिक प्रशिक्षणाचा पूर्ण खर्च शिष्यवृत्तीत बसला पाहिजे.

आणि एक मागणी स्वतःकडे. येत्या 14 एप्रिलला डीजेच्या पैशातून थोडे बाजूला काढा. विहारात एक टेबल मांडा. त्यावर मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, जुने रेडिओ, उडणाऱ्या मॉडेलची एक मोटर. दर रविवारी वंदना झाली की पोरापोरींनी तिथे बसावे. वायर चुकीची जोडली तर दिवा लागत नाही, मग जोडणारा कोणत्याही जातीचा असो. समतेचा इतका रोखठोक शिक्षक दुसरा नाही.

रोवणी करता करता वर पाहणाऱ्या पोरीला विमान दाखवणे पुरे झाले. तिच्या हातात पक्कड द्या!

जय भीम!