पक्के घर आणि गोंदियाची थंडी

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे वाहू लागले की विदर्भातील नीचांकी तापमानाच्या बातमीत अनेकदा गोंदियाचे नाव असते. हाच जिल्हा मे महिन्यात ४४-४५ अंशांपर्यंत तापतो. अशा दुहेरी हवामानात छपराचे काम केवळ पाऊस अडविण्याचे उरत नाही. शासकीय घरकुलांच्या हिशेबात मात्र ही गोष्ट कोठेच बसत नाही.

झाडीपट्टीतील जुने घर जाड मातीच्या भिंतींचे, कवेलूंच्या छपराचे. भिंत दिवसाची ऊब हळूहळू शोषून रात्री परत देई. माळ्यावरील तणशीत अडकलेली हवा उष्णतेची ये-जा रोखी. स्थिर हवेइतके स्वस्त उष्णतारोधक दुसरे नाही. तथापि या घराचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. फटींतून वारा शिरे, माकडे कवेलू फोडीत, छप्पर शाकारण्याचा खर्च दरसाल येई. विंचू-सापांचे भय ते वेगळेच. लोकांनी ते सोडले, ते विचारपूर्वकच.

त्याच्या जागी काय आले? १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ मध्ये तिची जागा ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. तिचे मूळ अनुदान मैदानी भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये. घर किमान २५ चौरस मीटरचे. एवढ्या रकमेत भिंती उभ्या राहतात आणि छपराच्या वेळी हात आखडतो. टिनाचा पत्रा निरभ्र रात्री आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेहूनही थंड होतो आणि पहाटे अंथरुणावर ठिबकतो. स्लॅब उन्हाळ्यात दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत धगधगतो.

योजनेच्या लेखी पक्के घर म्हणजे ऊनपाऊस सोसून किमान ३० वर्षे टिकणारे घर. आतील माणसाने कसे टिकावे, याविषयी ही व्याख्या मौन पाळते. २०१८ च्या इको-निवास संहितेने छपरातून शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली खरी. पण ती ५०० चौरस मीटर वा अधिक भूखंडांवरील इमारतींसाठी. ज्यांना वातानुकूलन परवडते, त्यांच्याच छपराची काळजी! बांधणीचा खर्च शासनाच्या वहीत एकदाच पडतो. सरपण, गोधड्या आणि कूलरचे बिल कुटुंबाच्या वहीत दरवर्षी चढते.

उपाय दुर्मीळ नाहीत. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालता येते. लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या भागात कौले बसवून सिमेंटही वाचविले. चुन्याच्या पांढऱ्या लेपाने उन्हाळा सुसह्य होतो. थंडीत त्याचा उपयोग नाही. फटी बुजविताना मात्र तारतम्य हवे. चूल घरात असेल, तर धुराची वरची वाट मोकळीच राहिली पाहिजे. बंद खोलीत रात्रभर ठेवलेली कोळशाची शेगडी जीव घेते.

घरकुलाचे हप्ते देताना बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतली जातात. छताच्या टप्प्याला केवळ उष्णतारोधनासाठी थोडी स्वतंत्र रक्कम जोडून तिचेही छायाचित्र मागण्यास कोणती अडचण आहे, हे ग्रामविकास खात्याने सांगावे.