भिंतीची ओल आणि करारातल्या दोन ओळी

पावसाळा सरला की आमच्या बेटेगावात रंगाच्या डब्यांना मागणी येते. भाड्याच्या खोल्यांच्या भिंतींवर चार महिन्यांत काळे-हिरवे डाग उमटलेले असतात, पोपडे सुटलेले असतात. त्यावर एक हात फिरवला की मालक मोकळा आणि राहणाराही गप्प. पुढच्या जुलैत तीच भिंत, तेच डाग. हे असंच चालायचं, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. मला ते पटत नाही, म्हणून हा लेख.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे भाड्याने राहणारी कुटुंबं फार. आमच्या नात्यातही तिघांच्या खोल्या भाड्याने आहेत आणि ती मंडळी हे वाचतील, याची मला कल्पना आहे. वाचावंच त्यांनी! "पाऊस आहे, ओल येणारच" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण पाऊस निसर्गाचा असला तरी गळकी गच्ची आणि फुटका पाइप माणसाचाच ना?

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी भाडेकरार घेऊन आला. "सर, जरा वाचून सांगा, मला काही करता येईल का?" घरात चार वर्षांची मुलगी, तिचा खोकला हटत नव्हता, आणि पलंगामागची अख्खी भिंत बुरशीने भरलेली. मालकाने दोनदा रंग काढून दिला होता. गच्चीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मी काही वकील नाही, पण त्या निमित्ताने कायदे वाचले, जाणकारांना विचारलं. जे कळलं ते सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम १४ स्पष्ट आहे. करारात भाडेकरूने उलट कबूल केलं नसेल, तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरी वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू असतो, म्हणून आपलं गाव त्यात आहे का, हे आधी विचारून घ्यावं. नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. मालकावर असलेली दुरुस्ती त्याने टाळली, तर भाडेकरूने ती करून खर्च व्याजासह वळता करावा, अशी तरतूद त्याच्या कलम १०८ मध्येही आहे.

इथवर वाचून माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा खुलला होता. पण खरी मेख पुढे आहे. आज अकरा महिन्यांचा जो करार होतो तो 'लिव्ह अँड लायसन्स'चा. त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच. त्याला फक्त राहायची परवानगी असते. कलम १४ चं संरक्षण त्याला नाही. त्याच्या वाट्याला येतो १८८२ चाच सुविधाधिकार कायदा. त्याचं कलम ५७ म्हणतं की, राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. म्हणजे मेमध्ये रंगाखाली ओल लपवून खोली देणं हे नुसतं वाईट वागणं नव्हे, कायद्याचाही भंग होऊ शकतो. पण ते सिद्ध करायचं कोणी? महिना पगारावर जगणाऱ्या कामगाराने?

माझं म्हणणं इथेच आहे. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्यासाठीच कायदा सर्वांत तोकडा आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी आणि पाइप बदलणं मालकाकडे दिलं आहे. पण नावच नमुना. राज्याने स्वीकारला तरच त्याचा उपयोग.

हा भिंतीच्या शोभेचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. ओल आणि बुरशीचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच नोंदवलं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या नावाने तिथे कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना ओलीची चौकशी आणि दुरुस्ती ठरावीक दिवसांत करावी लागते. एक मूल जावं लागलं, तेव्हा! आपण तेवढी वाट का पाहावी?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खिडक्या बंद ठेवून घरातच कपडे वाळत घातले, तर येणारी बुरशी मालकाच्या माथी मारता येणार नाही. आणि गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत गच्चीची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती काढणं आदर्श उपविधींनुसार संस्थेचं काम आहे, वरच्या घराच्या न्हाणीघरातली गळती त्या सभासदाचं. तेव्हा पाणी कुठून येतं, हे आधी शोधावं.

मग करायचं काय? भाडं थांबवू नका. त्याने आपलीच बाजू लंगडी पडते. तारखेसह फोटो काढा, मालकाला लेखी कळवा, पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. वकिलाचे पैसे नसतील तर न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत साहाय्याचा हक्क आहे, हे आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक असतं. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे करारातच दोन ओळी घाला: छत, भिंत वा पाइपातून ओल आल्यास लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत मालक दुरुस्ती करील, न केल्यास राहणाऱ्याला मुदतीआधी घर सोडता येईल आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल. नात्यातल्या तिघांना माझी विनंती आहे की, राहायला येणाऱ्याने मागायच्या आधी या ओळी तुम्हीच घाला. गच्ची नीट असेल तर त्या लिहिण्यात तुमचं काहीच जात नाही.