नळ पुरण्यापूर्वी

सांगोल्यासारख्या अवर्षणी मुलखात पाण्याची किंमत कोणास शिकवावी लागत नाही. माण नदीचे पात्र वर्षातील बहुतेक महिने कोरडेच असते, आणि शहराची तहान भागविणारे पाणी पंढरपुराकडील भीमेतून सुमारे ३० किलोमीटरांची वाट चालून येते. शिरभावीच्या प्रादेशिक योजनेवरील ऐंशीच्या आसपास गावांची स्थितीही याहून निराळी नाही. अशा मुलखात मोठ्या नळाचे काम निघाले म्हणजे नारळ फुटतो, भाषणे होतात. पाणी सुटले म्हणजे तोच समारंभ पुन्हा होतो. परंतु या दोहोंच्या दरम्यान जो दिवस सर्वांत महत्त्वाचा, त्या दिवशी चराकडे कोणी फिरकत नाही. तो दिवस म्हणजे नळाच्या गळतीच्या परीक्षेचा. ही परीक्षा लोकांच्या देखत झाल्यावाचून चर बुजवू नये, आणि त्या टप्प्याचे बिलही मंजूर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डाळिंबाच्या बागेत ठिबक बसविणारा शेतकरी मुख्य नळी मातीआड करण्यापूर्वी पंप चालू करून एकेक जोड पाहून घेतो. स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्यास हे शहाणपण उपजतच असते. सार्वजनिक पैशाच्या कामात मात्र चर आधी बुजतो आणि गळती मागाहून, रस्ता ओला झाल्यावर, शोधली जाते. उजनीपासून सोलापुरापर्यंत सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकण्यात आली. एकेक नळ १२ मीटरांचा धरला तरी एवढ्या अंतरात नऊ हजारांवर जोड होतात. त्यांतील प्रत्येक जोड कोणा तरी मजुराच्या हातून झालेला असतो, आणि त्या दिवशी तो मजूर थकलेला होता की उत्साही, हे वरून पाहून कळत नाही.

नळ चरात उतरविला म्हणजे काम झाले असे नव्हे. तळाशी खडक लागला तर त्यावर वाळूचा किंवा बारीक मुरमाचा थर हवा. नाही तर नळ एखाद्या टोकदार दगडावर टेकून राहतो आणि वरून गाड्या जाऊ लागल्या म्हणजे आज ना उद्या तडकतो. जोडाखाली हात जाण्यापुरती जागा खोदावी लागते, म्हणजे नळाचा भार जोडावर न येता सर्वांगावर पडतो. वळणावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यास पुष्कळ लोक ठेकेदाराची चैन समजतात. त्यांनी एवढाच हिशेब करावा: नळ ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि आत १०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर त्याच्या बंद तोंडावर सुमारे २८० क्विंटलांचा रेटा बसतो. काटकोनातल्या वळणावर तो ४०० क्विंटलांच्या घरात जातो. ठोकळा नसेल तर हा रेटा जोड उखडून काढतो.

परीक्षेची रीत अवघड नाही. नळाचा मधला भाग मातीने दाबून जोड उघडे ठेवावयाचे, दोन्ही टोके बंद करून सखल बाजूने सावकाश पाणी भरावयाचे, आणि उंचवट्यावरील व्हॉल्व्हांतून हवा पुरती बाहेर जाऊ द्यावयाची. (पेशवाईत कात्रजहून पुण्यात पाणी आणणारांनी वाटेत उच्छ्वास बांधले होते, हवेची खोड त्यांस ठाऊक होती.) आत सिमेंटचे अस्तर असेल तर ते पाणी शोषते, म्हणून नळ एक दिवस भरून ठेवावा लागतो. मग पंपाने दाब चढवावयाचा, तो सामान्यतः नित्याच्या दाबाच्या दीडपट. काटा खाली येऊ लागला तर तो पूर्ववत करण्यास किती पाणी घालावे लागले ते मोजावयाचे. नळाचा व्यास, जोडांची संख्या आणि दाब यांवरून किती गळती क्षम्य, हे भारतीय मानकांत ठरवून दिलेले आहे. पाण्याऐवजी हवा कोंडून परीक्षा उरकण्याचा मोह कोणी धरू नये. कोंडलेल्या हवेने नळ फुटला तर तो तोफेसारखा फुटतो.

भुयारी गटाराची परीक्षा याहून स्वस्त आहे. एका मॅनहोलपासून दुसऱ्यापर्यंतचा भाग पाण्याने भरावा आणि दहा मिनिटे पाहावे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या १०० मीटर गटारास दहा मिनिटांत सहा लिटरांपर्यंत गळती चालते. त्याहून अधिक नाही. नळ सरळ बसला की नाही हे एका टोकाला दिवा व दुसऱ्याला आरसा धरून दिसते, आणि आत सिमेंटचे लोंबते थेंब राहिले असतील तर व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान असा गुळगुळीत चेंडू त्यात अडकतो.

गटार थोडे गळले तर काय बिघडले, असे विचारणारे आहेत. त्यांस आम्ही इचलकरंजीचे स्मरण देतो. २०१२ साली त्या उद्योगी शहरात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारो लोक काविळीने अंथरुणास खिळले आणि कित्येकांचे प्राण गेले. पाण्याच्या नळात दाब असतो तोवर घाण आत शिरत नाही. पण ज्या गावी पाणी ठराविक वेळीच सुटते तेथे नळ रिकामा होताना आत ओढ निर्माण होते, आणि फटीबाहेर जे असेल ते आत येते. म्हणूनच पाण्याचा नळ गटारापासून तीन मीटर दूर व अर्धा मीटर वर असावा असा दंडक आहे. जुन्या पेठांच्या बोळांत तीन मीटरांचे अंतर आणावयाचे कोठून? तेथे दोन्ही नळ शेजारी नांदणार, आणि रहिवाशांचे रक्षण केवळ निर्दोष जोडच करणार.

आता आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द. दुकानापुढे चर पडला की दुसऱ्याच दिवसापासून "बुजवा, बुजवा" हा घोष सुरू होतो. रविवारच्या जनावरांच्या बाजारास येणाऱ्या गाड्या अडल्या म्हणजे होणारा तोटा आम्हांस दिसतो. परंतु घाईने बुजविलेला रस्ता पावसाळ्यात पुन्हा खोदला जातो, तेव्हाचा तोटा कोणत्या खात्यावर मांडावयाचा? सबंध पेठ एकदम न खोदता थोडाच भाग खोदावा, नळ टाकावा, तपासावा, बुजवावा आणि मग पुढे जावे, असा आग्रह त्यांनी धरला तर त्यांचेही भले होईल आणि गावाचेही.

दुष्काळी मुलखात परीक्षेसाठी पाणी वाया घालवावे काय, ही शंका रास्त आहे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या ५०० मीटर नळात सुमारे १ लाख ४१ हजार लिटर पाणी राहते. म्हणजे दहा हजार लिटरांचे चौदा टँकर. मात्र तेच पाणी पंपाने पुढच्या टप्प्यात ढकलता येते. पुरलेल्या जोडातून रात्रंदिवस मुरणारे पाणी कोणी परत आणून देत नाही.

तेव्हा असे काम निघेल त्या वेळी नगरपरिषदेने ठरावच करावा की, प्रत्येक टप्प्याच्या परीक्षेची सूचना तीन दिवस आधी फलकावर व बाजारपेठेत लागेल, चढविलेला दाब, लागलेला वेळ आणि घातलेले पाणी यांची नोंद जागेवरच होईल, आणि तीवर अभियंत्याच्या सहीबरोबर त्या पेठेतील दोन रहिवाशांच्या सह्या घेतल्या जातील. ती नोंद कोणासही मागताक्षणी पाहावयास मिळावी.