आकडा गावाला दिसला पाहिजे

खाजन शेती करणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला भरती केव्हा येणार हे कुणी सांगावे लागत नाही. तिथी कळली की पाण्याची वेळ कळते. पुनवेचे आणि अवसेचे उधाण तो बोटांवर मोजतो. परंतु मानशीच्या दारांतून खारे पाणी आत किती शिरले, हे मात्र त्याला रोपांची पाती करपू लागल्यावरच समजते. तोपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.

हा प्रश्न आज आम्ही शाळेच्या संदर्भात मांडत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. गोवा सरकारने २०२१ साली शाळांतील मुलांसाठी कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाची योजना सुरू केली. हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत नसावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली लोकांपुढे आणलेल्या 'स्क्रॅच'सारख्या साधनांत संगणकाची आज्ञावली टंकित करावी लागत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की काम होते. पडद्यावरचे मांजर चालू लागते, मूल हरखते. पण मांजर चालवून जर ही विद्या थांबणार असेल, तर ती करमणूकच ठरेल. त्या ठोकळ्यांना बाहेरच्या जगातील जिवंत आकडा जोडला, म्हणजेच तिचे शास्त्र होते.

हे जोडणे वाटते तितके अवघड राहिलेले नाही. पाण्याच्या वर खांबाला एक छोटा संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवायचा. तो कानाला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजतो. त्यावरून पाणी किती खाली आहे हे कळते. इटलीत २००५ साली जन्मलेल्या 'आर्दुइनो'सारखी पाटी तो आकडा घेऊन संगणकाकडे पाठवते. पुढचे काम चित्रांचे. 'नोड-रेड' या २०१३ सालापासून प्रचारात आलेल्या आणि कुणालाही विनामूल्य वापरता येणाऱ्या साधनात एक चौकट आकडा स्वीकारते, दुसरी त्याचे सेंटीमीटर करते, तिसरी तबकडीवर काटा फिरवते, चौथी आलेख काढते आणि पाचवी पाणी ठरलेल्या खुणेवर जाताच निरोप धाडते. चौकटींना रेषांनी जोडले की झाले. आठवीच्या मुलाला हे जमते. ब्रिटनमध्ये २०१६ साली सुमारे दहा लाख शाळकरी मुलांच्या हाती 'मायक्रोबिट' ही चिमुकली पाटी फुकट देण्यात आली, ती याच विश्वासावर.

आणि ही विद्या आम्हांस परकी आहे असेही नव्हे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवीकाठी वेरें येथे बसवलेल्या समुद्रपातळीच्या यंत्राने १२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्राच्या भूकंपातून उठलेली सुनामी टिपली, आणि तो आकडा मोबाईलच्या जाळ्यावरून तत्काळ उपलब्ध झाला. लाट मोठी नव्हती. पण हजारो मैलांवरच्या भूकंपाची वर्दी आपल्याच नदीकाठी येऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. जे संस्थेने समुद्रासाठी केले, ते लहान प्रमाणात गावाने आपल्या मानशीसाठी का करू नये?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, स्वस्त संवेदक खोटे बोलतात. हे अर्धे खरे आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. तो हिशेब न धरल्यास मापन चुकते. क्षारता मोजणाऱ्या कांडीवर शेवाळ चढते. ती धुऊन, ठाऊक असलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवून पडताळावी लागते. सर्वांत मोठा धोका मात्र निराळा आहे. तार तुटली तरी पडद्यावरचा काटा शेवटच्या आकड्यावर शांत उभा राहतो, आणि पाहणारा निश्चिंत होतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो केव्हा आला ही वेळ दिसलीच पाहिजे, आणि आकडा शिळा झाला की तबकडी कोरी झाली पाहिजे. हे सारे मुलांना शिकवणे म्हणजेच विज्ञान शिकवणे. काट्यावर श्रद्धा ठेवू नये, त्याची उलटतपासणी करावी, ही सवय पुढे त्यांना वर्तमानपत्र वाचतानाही उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप उघडपणे कुणी बोलणार नाही. पण तोच अधिक गंभीर आहे. आकडा दिसू लागला की हितसंबंध अडचणीत येतात. मानशीतील मासेमारीचा लिलाव होतो. मासळी आत यावी म्हणून दारे भलत्या वेळी उघडी ठेवली जातात, शेतकरी ओरडतो, घेणारा कानांवर हात ठेवतो, आणि पुरावा कुणाकडेच नसतो. म्हादईच्या तंट्यात तरी दुसरे काय झाले? ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाचा निवाडा येईपर्यंत नदीत पाणी किती, यावरच वर्षानुवर्षे युक्तिवाद झडले. आकडा ज्याच्या वहीत, त्याचे पारडे जड, असाच सार्वजनिक व्यवहाराचा नियम झाला आहे. जुलै २०२१ मध्ये याच म्हादईने सत्तरीतील घरे पाण्याखाली घातली. वरच्या गावी चढणारे पाणी खालच्या गावाला पडद्यावर दिसले असते, तर घरे कदाचित वाचली नसती. परंतु गुरे सोडण्यास, धान्य माळ्यावर चढवण्यास घटकाभराचा अवधी तरी मिळाला असता.

शाळकरी मुलांची तबकडी सरकारी यंत्रणेची जागा घेईल, असा आमचा दावा नाही. पूरसूचना देण्याची जबाबदारी शासनाचीच आहे आणि ती मुलांच्या खांद्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. आमची सूचना मर्यादित आहे. खाजनकाठच्या व नदीकाठच्या शाळांनी एक मानस, एक पूल वा एक विहीर दत्तक घ्यावी. शास्त्रज्ञांनी त्यांची मापे वर्षातून एकदा तपासून द्यावीत. आणि पडदा प्रयोगशाळेच्या कुलपात न ठेवता पंचायतीच्या ओसरीवर लावावा. त्यावरील अक्षरे मुलांनी आपल्या भाषेत लिहावीत, म्हणजे चष्मा पुसून पाहणाऱ्या आजोबांनाही ती वाचता येतील.

आमच्या पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून समुद्राला थोपवले, ते पाण्यावर रात्रंदिवस नजर ठेवूनच. राखण करणारे हात आज कमी झाले आहेत. नातवंडांनी त्या बांधावर एक डोळा बसवावा, एवढेच आमचे मागणे आहे. मात्र तो डोळा जे पाहील, ते साऱ्या गावाला दिसले पाहिजे.