बुलेटचं तेल गेलं कुठे?

पावसाळाभर बाबांची जुनी बुलेट आमच्या कांचघरच्या घरी झाकून उभी होती. दसऱ्याच्या पूजेआधी डिपस्टिक काढली, तर कोरडी! मी तेलाचा डबा आणायला धावले. बाबा म्हणाले, "थांब गं, तेल खाली उतरलंय."

मद्रासला बनलेल्या या बुलेटच्या इंजिनात तेलाचा वेगळा कप्पा असतो. एक पंप तेल बिग एंडकडे नेतो, दुसरा परत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली, की तेल पंपातून झिरपून क्रँकच्या कप्प्यात साचतं. त्यात वरून आणखी ओतलं, तर ब्रीदरमधून तेल उडतं, सायलेन्सरमधून धूर निघतो.

म्हणून आधी इंजिन चार-पाच मिनिटं हळू चालवा, बंद करा आणि मगच डिपस्टिक बघा. पातळी वर आली, तर परतीचा पंप ठीक आहे. नाही आली, तर गाडी चालवू नका; फिल्टर आणि पंप मेकॅनिककडून तपासून घ्या. तेलाविना बिग एंड गेलं, तर खर्च मोठा.

आमची पातळी वर आली. बाबांनी हार घातला आणि पहिल्यांदाच किक मारायला मला सांगितलं.