फिर्याद सरकारची, भय मात्र तिचे
साप्ताहिक सदर : कायदा आणि समाज

पत्नीने पतीविरुद्ध मारहाणीची फिर्याद द्यावी आणि वडीलधाऱ्यांनी समेट घडवल्यावर ती मागे घ्यावी, म्हणजे प्रकरण मिटले, ही जी समजूत आपल्या घरांतून लेकींबरोबर अमेरिकेपर्यंत जाते, ती तेथील फौजदारी न्यायालयाच्या उंबरठ्यावरच थबकते. कारण तेथे फिर्यादी असते ते राज्य, खटला चालवावा की काढून घ्यावा हे ठरवतो सरकारी वकील, आणि जिने मार सोसला ती स्त्री कायद्याच्या दृष्टीने केवळ साक्षीदार असते. घरातील हिंसा हा समाजाविरुद्ध केलेला अपराध होय, हे त्यामागील तत्त्व मला सर्वथा ग्राह्य वाटते.

परंतु तेथे राज्ये पन्नास आहेत, आणि प्रत्येकाची दंडसंहिता निराळी. कॅलिफोर्नियात पत्नीला शारीरिक इजा झाली, तर कलम २७३.५ खालील खटला गंभीर वा किरकोळ अशा दोन्ही स्वरूपांत चालवता येतो आणि शिक्षा चार वर्षांच्या कारावासापर्यंत जाते. टेक्ससमध्ये पहिली मारहाण बहुधा एक वर्षाच्या कैदेस पात्र असली, तरी गळा दाबून श्वास कोंडला, तर पहिल्याच प्रसंगी दोन ते दहा वर्षांची सजा संभवते. न्यूयॉर्कमध्ये बहुधा सामान्य हल्ल्याचीच कलमे लागतात, मात्र पीडितेला फौजदारी आणि कुटुंब अशा दोन्ही न्यायालयांत दाद मागता येते. शिक्षेची मापे प्रत्येक विधिमंडळाने आपापल्या विवेकाने ठरवावीत, यात मला गैर दिसत नाही.

गैर दिसते ते अंमलबजावणीत. १९७७ साली ओरेगनने अशा प्रकरणी अटक प्रथम सक्तीची केली, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिनीॲपोलिसच्या प्रयोगात अटकेनंतर पुन्हा मारहाण होण्याचे प्रमाण घटलेले दिसले, आणि अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. कोलोरॅडोनेही संरक्षणाचा हुकूम मोडणाऱ्यास अटक करावीच, असे कायद्यात लिहिले. तरीही १९९९ च्या जूनमध्ये त्याच राज्यातील कॅसल रॉक येथे, विभक्त पतीने हुकूम मोडून तिन्ही मुली नेल्याचे एका मातेने पोलिसांना वारंवार कळवले, पोलीस स्वस्थ राहिले, आणि पहाटे त्या मुलींचे मृतदेहच हाती आले. त्या हुकुमाची तामील पोलिसांकडून करवून घेण्याचा हक्क संविधानाने तिला दिलेला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी दिला.

सर्व राज्यांना समान असा किमान पाया घालणे अशक्य मुळीच नाही. एका राज्याचा संरक्षण-हुकूम दुसऱ्याने मानावा, हे १९९४ च्या केंद्रीय कायद्याने ठरवले. घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्याचा बंदूक बाळगण्याचा अधिकार १९९६ मध्ये काढून घेतला गेला. आणि असा हुकूम ज्याच्यावर बजावला आहे त्यालाही शस्त्रबंदी करता येते, हे २०२४ मध्ये रहीमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या आपल्या लेकीबाळींचे भय तर दुहेरी; कारण दोष सिद्ध झाल्यास तो हद्दपार होऊ शकतो आणि तिचेही वास्तव्य धोक्यात येते. अशा पीडित पत्नीला कामाचा स्वतंत्र परवाना मागण्याची तरतूद आहे, हे माहेरच्यांनी तिला निघण्यापूर्वीच सांगावे.

पीडितेला स्वतः बजावता येईल असा हक्क देण्यास राज्ये मोकळी आहेत, असे २००५ च्या त्याच निकालात म्हटले आहे. तेव्हा ज्या राज्याने तिची फिर्याद स्वतःच्या नावावर घेतली, त्याने तिच्या रक्षणाचे दायित्वही स्वतःच्या नावावर घ्यावे, आणि त्यात कसूर करणाऱ्या अंमलदाराला तिच्या दाव्यात जाब देण्यास कायद्याने बांधून टाकावे.

— न्यायान्वेषी