पाण्याखाली गाव, पाण्यावर पाखरे



मागील पावसाळा सरता सरता आमचा पुतण्या कंबोडिया देशाचा प्रवास करून घरी परतला. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरातील सर्व मंडळी त्याच्याभोवती जमली आणि तो आपल्या मोबाईलमधील छायाचित्रे एकेक करून दाखवू लागला. अंगकोरची देवालये झाली, बाजारपेठा झाल्या, आणि मग एका अफाट सरोवराची चित्रे सुरू झाली. पाण्यावर घरे, पाण्यावर दुकान, पाण्यावर शाळा! मुले होडीत बसून शाळेला चाललेली. एका चित्रात तर लहानसे चर्चही तरंगत होते. आमच्या वृद्ध आत्याबाई डोळ्यांवर चष्मा चढवून बराच वेळ एकाच चित्राकडे पाहत राहिल्या.

त्या सरोवराचे नाव तोनले साप. जगातील सरोवरांत त्याची तऱ्हा निराळी आहे. उन्हाळ्यात त्याचा विस्तार सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर असतो व पाणी माणसाच्या कमरेपेक्षा फारसे खोल नसते. पावसाळ्यात मेकाँग ही महानदी इतकी फुगते की, एरवी सरोवरातून मेकाँगकडे वाहणारी तोनले साप नदी आपली दिशाच बदलते आणि पाणी उलटे सरोवरात शिरू लागते. तेव्हा सरोवर चौपटीहून अधिक पसरते आणि काठची जंगले शेंड्यापर्यंत पाण्यात बुडतात. हे चक्र जाणूनच तेथील माणसांनी आपली घरे बांधली आहेत. काहींची घरे उंच खांबांवर उभी असतात, तर काहींची बांबूंच्या व पिंपांच्या तराफ्यावर तरंगतात आणि पाणी सरकेल तशी ओढून नेली जातात.

पुतण्याने हे सारे समजावून सांगितले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “म्हंजे ह्यांची घरं पाण्यासंगं वर येतात व्हय रे? आमचं नाही आलं बघ.”

क्षणभर कोणीच काही बोलले नाही.

आत्याबाईंचे सासर भालकी तालुक्यात कारंजा नदीच्या काठी होते. कारंजा ही मांजरेची उपनदी. बीडच्या बालाघाट डोंगरात उगम पावून मांजरा लातूर व बीदर जिल्ह्यांतून तेलंगणात जाते आणि गोदावरीला मिळते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ब्याळहळ्ळीजवळ कारंजेवर धरण झाले आणि काठच्या जमिनी व वस्त्या पाण्याखाली गेल्या. बुडीत क्षेत्रातील शेतकऱ्यांची न्याय्य मोबदल्याची मागणी त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिली. आत्याबाईंचे घर, जोंधळ्याचे व तुरीचे शेत, आणि शेताच्या बांधाशी असलेली लहानशी दफनभूमी ही तिन्ही त्या पाण्यात गेली. त्या दफनभूमीत त्यांचे सासू-सासरे व त्यांचे पहिले अपत्य चिरनिद्रा घेत आहेत.

हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ठाऊक असणे आणि ध्यानी असणे ह्यांत अंतर आहे. बीदरच्या नळाला कारंजेचे पाणी येते. ते पाणी आम्ही रोज पितो. हिवाळ्यात जलाशयावर पाहुणे पक्षी उतरले की दुर्बीण घेऊन आम्ही तिकडे जातो, आणि परत येऊन घरात त्यांची वर्णने करतो. इतक्या वर्षांत आत्याबाईंना आमच्याबरोबर येण्याविषयी आम्ही एकदाही विचारले नव्हते. तरंगत्या घरांच्या त्या चित्राने आमची ही चूक आमच्या पदरात घातली.

२ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन. त्या दिवशी आपण आपापल्या माणसांच्या कबरी झाडून-पुसून त्यांवर फुले वाहतो व मेणबत्त्या लावतो. त्या दिवशी सकाळी मिस्सा झाल्यावर आम्ही आत्याबाईंना घेऊन कारंजेच्या काठी गेलो. पाणी भरपूर होते. पाणकावळे पंख पसरून उन्हात बसले होते. उथळ पाण्यात उघड्या चोचीचे करकोचे शिंपले शोधीत होते. दूरवर चक्रवाकांची एक जोडी नुकतीच उतरली होती. आम्ही दुर्बीण पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली नाही. त्या पलीकडच्या माळाची टेकडी न्याहाळीत राहिल्या, मग एका बाजूला बोट करून म्हणाल्या, “त्या टेकडीच्या सरळ खाली. तिथं.” आम्ही मेणबत्ती लावली. वाऱ्यापुढे ती टिकेना, तेव्हा दोन दगडांच्या आडोशाला ठेवली. परतताना पाण्यावरच्या पाखरांकडे पाहून त्या एवढेच बोलल्या, “त्यांना काय ठाऊक? पाणी दिसलं, उतरली.”

वाचकहो, ह्या साध्या बोलण्यात एक सत्य आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ साली तत्कालीन हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, त्या वेळी आपले बीदर, कलबुर्गी आणि सारा मराठवाडा त्याच संस्थानात होता. त्या काळी कारंजेचा जलाशय नव्हता आणि पैठणचा नाथसागरही नव्हता. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले, आणि १९८६ साली तो जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. ज्या पाण्यांना आपण आज पक्ष्यांची माहेरघरे म्हणतो, त्यांतील अनेकांचे वय एका माणसाच्या आयुष्याहून कमी आहे. पक्षी येण्यापूर्वी तेथे कोणाची तरी नांगरट होती.

जानेवारीत पुतण्या पुन्हा सुट्टीवर आला, तेव्हा आत्याबाईंनीच आपण होऊन विचारले, “ते लाल पंखांचे पक्षी कुठं दिसतात म्हणालास?” त्यांना रोहित पक्षी पाहावयाचे होते. हुमनाबादवरून पुण्याकडे जाणारा महामार्ग सोलापूर, इंदापूर करीत भिगवणला पोहोचतो. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी तेथपर्यंत पसरले आहे. हीच भीमा पुढे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातून वाहत जाऊन कृष्णेला मिळते. उजनीच्या पाण्यातही गावे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर त्यांतलेच. दुष्काळी वर्षी पाणी ओसरले की ते वर येते आणि लोक ते पाहण्यासाठी गर्दी करतात.

भिगवणजवळ कुंभारगाव व डिकसळ येथील मासेमार हिवाळ्यात प्रवाशांना होडीतून पक्षी दाखवितात. पहाटेच्या थंडीत आम्ही होडीत बसलो. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब काठच्या गवतावर चरत होते. थोडे पुढे गेल्यावर रोहितांचा थवा दिसला. मान खाली सोडून, चोच उलटी करून, चिखलपाणी गाळीत ते आपले अन्न टिपत होते. होडीवाल्या तरुणाने बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केले व बांबूने होडी रेटू लागला. मग तीही थांबविली.

येथे आम्हांला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही त्यास आणखी जवळ जाण्याचा आग्रह केला. तो म्हणाला, “काका, इथंच थांबू. जवळ गेलो की उठतील, आणि एकदा उठले की लवकर चरायला बसत नाहीत.” परंतु आम्ही एवढ्या लांबून आलो आहोत, पैसे दिले आहेत, असे काहीबाही बोलून आम्ही त्यास भीड घातली. होडी पुढे सरकली आणि सारा थवा एकदम उठला. उघडलेल्या पंखांचा लाल-काळा रंग आकाशात पसरला. दृश्य खरोखर सुंदर होते. आजूबाजूच्या होड्यांतील मंडळींनी टाळ्या वाजविल्या. होडीवाला मात्र पाण्याकडे पाहत म्हणाला, “त्यांची न्याहारी मोडली.”

आम्ही शरमलो. तेव्हा आत्याबाईंनी त्यास विचारले, “बाळा, तुझं गाव कुठलं?”

“आजोबांचं तिथं खाली,” तो पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आमचं काठावर.”

मग ती दोघे बोलू लागली. कोणती पिके होती, विहीर किती हात खोल होती, घरे सोडताना दारे-चौकटी उचलून नेल्या की तशाच राहिल्या, गावातली माणसे कोठकोठे पांगली. एक भीमेकाठचा, एक कारंजेकाठची. परंतु त्यांचे गाव जणू एकच होते. अर्धा तास गेला तरी बोलणे संपेना. तेवढ्यात रोहित पुन्हा खाली उतरले. ह्या खेपेस आम्ही जवळ जाण्याचे नाव काढले नाही, आणि आश्चर्य असे की, स्थिर बसल्यावरच ते आम्हांला नीट दिसले.

परतीच्या वाटेवर पुतण्याने तोनले सापची राहिलेली हकीकत सांगितली. त्या सरोवराच्या वायव्य टोकाला प्रेक तोआल नावाचे पक्षी-आश्रयस्थान आहे. पाण्यात बुडालेल्या झाडांवर तेथे झोळीवाले, तिरंदाज आणि निरनिराळे बलाक हजारोंनी घरटी करतात. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर जे चित्रबलाक वीण घालतात, त्याच जातीचे पक्षी तेथेही आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील गावकरी अंडी व पिले काढून विकीत. वसाहती उजाड होऊ लागल्या होत्या. पुढे, ह्या शतकाच्या आरंभी, त्याच गावकऱ्यांना पहारेकरी नेमण्यात आले. त्यांत पूर्वी अंडी काढणारेही होते. झाडांच्या शेंड्यांवर बांधलेल्या मचाणांवर दिवसरात्र बसून ते घरटी मोजू लागले व राखू लागले, आणि पक्ष्यांची संख्या पुन्हा वाढली. घरट्याची वाट ज्याला ठाऊक, त्याच्याइतका चांगला राखणदार दुसरा कोण मिळणार?

आम्ही पुतण्यास विचारले, “परंतु ही माणसे पाण्यावरच का राहतात? आवड म्हणून?” त्याचे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. मासळी हे एक कारण आहेच. परंतु त्या तरंगत्या वस्त्यांत व्हिएतनामी वंशाची पुष्कळ कुटुंबे आहेत. तरंगते चर्च होते ते अशांपैकीच काही कुटुंबांचे. त्यांतील अनेक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिली. १९७५ नंतरच्या भीषण राजवटीत त्यांना हाकलून देण्यात आले, आणि पुढे ती परतली. तरीही बहुतेकांजवळ नागरिकत्वाची कागदपत्रे नाहीत, आणि त्या देशाच्या राज्यघटनेप्रमाणे नागरिकावाचून कोणाला जमिनीची मालकी मिळत नाही. म्हणून ती पाण्यावर राहतात. अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणी त्यांना पाण्यावरूनही उठवून काठावर हलविण्यात आले आहे. शिवाय मेकाँगवरील धरणांमुळे व अपुऱ्या पावसामुळे २०१९ व २०२० साली सरोवरात उलटे येणारे पाणीही उशिरा व कमी आले, आणि मासळी घटली. प्रवासी मात्र होडीतून हिंडतात, तरंगत्या घरांच्या ओसरीवर वाळणारे कपडे, खेळणारी मुले ह्यांची छायाचित्रे काढतात आणि म्हणतात, “किती मौजेचे जीवन!”

तेथे जमीन मिळाली नाही म्हणून घर पाण्यावर. येथे जमीन घेतली गेली म्हणून घर पाण्याखाली. दोन्हीकडे पाहुण्याला दिसते ते सुंदर पाणी आणि त्यावरची पाखरे.

तर मग अशा स्थळी जाऊच नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. धरणाच्या पाण्याने कित्येकांची तहान भागते, शेते भिजतात. पाखरांनाही आसरा मिळतो. ते पाहून आनंद मानणे ह्यात गैर काही नाही. परंतु पाहुण्याने पाहुण्यासारखे जावे. आपण कोणाच्या घरी गेलो की आधी घरच्या माणसांची विचारपूस करतो, मग अंगणातील फुलझाडांचे कौतुक करतो. जलाशयावर गेलात तर काठच्या माणसास विचारा की, ह्या पाण्याखाली कोणते गाव आहे. ते नाव आपल्या मुलांना सांगा. होडी गावच्याच माणसाची घ्या आणि ठरलेल्या पैशात घासाघीस करू नका. पक्षी टिकले तर त्याची चूल पेटते आणि त्याची चूल पेटली तर पक्षी टिकतात. तो थांबा म्हणेल तेथे थांबा. खाऊचे कागद व प्लॅस्टिकच्या पिशव्या आपल्याबरोबर परत आणा.

असो. येत्या २ नोव्हेंबरलाही आम्ही आत्याबाईंना घेऊन कारंजेवर जाणार आहोत. ह्या खेपेस वाऱ्यात विझू नये म्हणून काचेचा कंदील घेऊन ठेवला आहे. परवा त्या आमच्या धाकट्या नातीला सांगत होत्या, “दुर्बीण पण घे हं. तिथं आपलं घर आहे, आणि पाखरंही असतात.”